यंदाचं वर्ष माझं होतं, ताई

ताई, पेपरात तुझा फोटो आला. खाली छापलं होतं, 'शांत, सोशिक आणि मनमिळाऊ'. वाचून मला हसूच फुटलं आणि भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. तू शांत? तुझ्या एका हाकेनं अर्ध्या नालवाडीतली कुत्री उठायची. तू सोशिक? कोबीवरची अळी चिमटीत धरून तू अशी चिरडायचीस की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, आणि वर तिलाच सांगायचीस, "खाय आता, खाय पोटभर." तो मजकूर भाऊजींनी लिहून दिला, मला माहीत आहे. जन्मभर तुझ्याशी संसार करून त्यांना एवढंच सुचलं, किंवा खरं छापायची हिंमत झाली नाही.

म्हणून मी लिहिते आहे. मी तुझी धाकटी बहीण आणि धाकटी जाऊसुद्धा. दोन बहिणी एकाच घरातल्या दोन भावांना दिल्या. आईला वाटलं, पोरी जवळजवळ राहतील, एकमेकींना धरून राहतील. जवळ राहिलो खऱ्या. दोन घरं, दोन परसबागा आणि मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून आपण भाजीच्या वाट्या दिल्या-घेतल्या, त्याच भिंतीवरून एकमेकींचा उद्धार केला, आणि त्याच भिंतीवर पाय ठेवून तू वर चढलीस ती खाली आलीस ते मरायलाच. मला तुझा राग आला आहे. रडू येतं तेव्हासुद्धा आधी रागच येतो.

त्या सकाळी मी कॉलेजात निघाले होते. लायब्ररीची किल्ली माझ्याकडे असते, ऑटोवाला दारात हॉर्न वाजवत होता. मागून तुझा आवाज आला, "ठेव खाली! ठेव म्हनतो न मेल्या!" माकडं आली होती. हिवाळा सरत आला की येतातच, आणि माकडांवर ओरडणं हे तुझं रोजचंच होतं, त्यामुळे मी चपला घालत राहिले. मग पत्रा फुटल्याचा आवाज झाला आणि त्याच्यामागून तुझा आवाज आला नाही.

मी भिंत ओलांडून आले. एका माकडानं फुलावर आलेलं तुझं एक झाड मुळासकट उपटून न्हाणीघराच्या पत्र्यावर नेलं होतं आणि तू काठी घेऊन त्याच्यामागे पत्र्यावर चढली होतीस. सिमेंटचा जुना पत्रा, लहान पोराचं वजनही त्यानं पेललं नसतं. तू सरळ धुण्याच्या दगडावर आपटलीस. डोळे उघडे होते, काठी मुठीत तशीच घट्ट होती, आणि डोक्याखालून रक्त मोरीच्या पाण्यात उतरत होतं. ते माकड शेजारच्या आंब्यावर बसून उरलेला दांडा खात होतं. मी तुझ्या मुठीतून काठी ओढून काढली आणि आधी त्याच्यावर भिरकावली. नंतर तुला उचललं. सगळे म्हणतात, आधी उचलायला हवं होतं. मला आधी त्याला मारायचं होतं.

मला न्यायला आलेल्या ऑटोतच तुला घातलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी ऑटोवाल्याला तोंडाला येईल ते बोलत होते. बिचारा हॉर्न दाबत गाडी हाणत राहिला. वर्ध्याला दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेली होतीस.

आता लोक विचारतात, "कोनती भाजी होती व?" मी सांगते, ब्रोकोली. मग ते विषय बदलतात. मेथीसाठी, वांग्यासाठी कुणी मेलं असतं तर त्यांना समजलं असतं. ब्रोकोली म्हणजे मोठ्या हॉटेलातली, टीव्हीवरच्या डॉक्टरांनी सांगितलेली भाजी. तिच्यासाठी नालवाडीतली ब्लाऊज शिवणारी बाई पत्र्यावर का चढते हे त्यांना कसं सांगू? तू तर ब्रोकोली हा शब्दसुद्धा कधी वापरला नाहीस. तुझ्यासाठी ती फक्त 'माही कोबी' होती, आणि माझी फुलकोबी ती 'तुही पांढरी'.

ती पवनारची म्हातारी आठवते? इटलीकडची, हिवाळाभर आश्रमात राहायला आलेली. तिच्या पिशव्या शिवून द्यायला तू जायचीस. तिला मराठी येत नव्हतं, तुला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि तरी तुम्ही दोघी वाफ्याच्या कडेला बसून तासन् तास बोलायच्या. तिनं तिकडून आणलेलं बी तिथे लावलं होतं. तिच्या आजीच्या आजीपासूनचं, तिच्या गावात आता कुणी लावत नाही, असं हातवाऱ्यांनी आणि चार मोडक्या हिंदी शब्दांत तिनं सांगितलेलं. बाजारात मिळतो तसा एकच मोठा गड्डा त्याला येत नाही. मधला लहानसा गड्डा कापला की बाजूनं बोटाबोटाएवढे फुटवे येत राहतात, पार उन्हं तापेपर्यंत. ती मिठाच्या पाण्यात उकडून खायची. तू एकदा तोंडात घालून थुंकलीस आणि तिच्याच चुलीवर लसूण, हिरवी मिरची, बेसन घालून झुणका करून तिला वाढलास. ती खाऊन रडली. मिरचीनं रडली असं मी अजूनही म्हणते. जाताना तिनं रोपांचा एक ट्रे आणि रुमालात बांधलेलं बी तुझ्या हातात दिलं आणि तुझी मूठ मिटवली.

त्या दिवशी आपण दोघी एसटीनं परत येत होतो. ट्रे तुझ्या मांडीवर. मागच्या सीटवरचा एक माणूस झोपेचं सोंग घेऊन माझ्या पाठीला सारखा हात लावत होता आणि मी नेहमीसारखी आकसून बसले होते. तू ते पाहिलंस. ट्रे उचलून माझ्या मांडीवर ठेवलास, "सांभाळ, हलवू नोको" म्हणालीस, उभी राहिलीस आणि पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर अशी हाणलीस की त्याच्या नाकातून रक्त आलं. मग चप्पल घातलीस, खाली बसलीस आणि ट्रे परत घेतलास. एकही रोप कलंडलं नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी थांबवून त्याला उतरवलं. मी तुला तेव्हा म्हटलं, एवढं कशाला करायचं, सगळे बघत होते. आभार मानायचे सोडून असलंच काहीतरी माझ्या तोंडून निघायचं. आज मानते. त्यानंतर मी कुठल्याही गाडीत आकसून बसले नाही.

पण त्या रोपांनी आपल्या दोन घरांत जे युद्ध सुरू केलं ते कुणी थांबवू शकलं नाही.

आईच्या फुलकोबीचं बी माझ्याकडे होतं. आपल्या माहेरी विहिरीच्या पाण्याच्या दांडावर लागायची ती, थंडी थोडी कमी पडली तरी गड्डा धरणारी. आई जायच्या आधी तिनं बियांचा पितळी डबा मला दिला. मी मागितला नव्हता. तू तेव्हा काही बोलली नाहीस, आणि तू काही बोलली नाहीस तेव्हाच मला समजायला हवं होतं. पहिल्या वर्षी मी फुलकोबीची चार झाडं बियांना सोडली, तू तुझी ब्रोकोली बियांना सोडलीस. दोन्हींना पिवळी फुलं आली, दोन्हींवर माश्या घोंघावल्या. आपण दोघी भिंतीला टेकून कौतुकानं बघत होतो. दोघी वेड्या.

पुढच्या वर्षी तुझ्या वाफ्यात जे उगवलं त्याला नाव नव्हतं. ना हिरवं ना पांढरं, पानांतून बाहेर आलेलं मळक्या रंगाचं गाठाळ काहीतरी. माझ्याकडेही तीच गत. दोन्ही एकाच जातकुळीतल्या, एकदम फुलल्या की मधमाशी इकडचं तिकडे करते आणि बी बाटतं, हे तेव्हा कुठे आपल्या डोक्यात शिरलं. भाऊजींनी त्याची भाजी आवडीनं खाल्ली आणि म्हणाले, "मस्त लागून राह्यली, काय वाईट हाये?" तू कढई उचलून अंगणात फेकलीस. भाऊजी घास हातात धरून तसेच बसले. रुमालातलं थोडं बी शिल्लक होतं म्हणून तू वाचलीस, आणि डब्यातलं होतं म्हणून मी.

मग तू लग्नातली मच्छरदाणी काढलीस. सगळ्या झाडांवर अशी ताणून बांधलीस की एक माशी आत जाऊ नये. नालवाडीतली माणसं बघायला यायची, कोबीला डास चावतात का म्हणून विचारायची. आत फुलं आली, गळली आणि शेंगा सगळ्या पोकळ. माशी आत गेली नाही तर बी धरणार कसं, हे ना तुला सुचलं ना मला. ह्या कोबीचं तर असं आहे की एकट्या झाडाला स्वतःचं बीच धरत नाही, शेजारी दुसरं लागतंच. तू ती मच्छरदाणी दातांनी फाडलीस. मी बघितलं आहे.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी विळा. मी बाजारातून परतले तेव्हा माझी फुलकोबी, आईची फुलकोबी, फुलावर आलेली, एकूण एक झाड बुडातून कापून पडलं होतं आणि तू विळा हातात घेऊन माझ्याच वाफ्यात उभी होतीस. लपली नाहीस, पळाली नाहीस. मी तुझे केस धरले. तू माझं मनगट पिरगाळलंस. दोघी चिखलात लोळलो, पन्नाशीच्या बायका, आणि आपले नवरे भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून "अवो सोडा न, लोक पाहून राह्यले" एवढंच म्हणत होते.

"आईचं बी कापलंस तू," मी ओरडले. "परक्या बाईच्या बियासाठी आईचं कापलंस!"

"आईचं डब्यात हाये न तुह्यापाशी? पुढच्या साली लाव," तू म्हणालीस. तुझ्या ओठातून रक्त येत होतं. "माह्यं रुमालातलं संपलं. हे गेलं त गेलंच."

"मग जाऊ दे! तुझं काय आहे त्यात?"

"आईनं डबा तुले देला. मले काय देलं, सांग न? मले हे कोनं तरी देलं. माह्या हातात देलं."

तेव्हा मी तुझे केस सोडले. पटलं म्हणून नाही. कापलेली झाडं गोळा करायची होती म्हणून.

त्यानंतर करार झाला. तोंडी, भिंतीवर हात ठेवून. एक वर्ष तुझं, एक वर्ष माझं. ज्या वर्षी तुझी फुलेल त्या वर्षी मी माझी गड्ड्यातच कापून खायची, आणि माझ्या वर्षी तू तुझी फुलू द्यायची नाही. बी दोन-तीन वर्षं टिकतं, तेवढं पुरतं. आपल्या घरात ह्या करारावर जेवढी भांडणं झाली तेवढी वाटणीवर झाली नाहीत. पण पाळला दोघींनीही. तू तुझ्या वर्षी राणीसारखी फिरायचीस आणि मी माझ्या.

गेलं वर्ष तुझं होतं. शेंगा भरत आल्या आणि माकडांनी एका दुपारीत वाफा साफ केला. भाऊजी म्हणाले, "हनुमानजी हायेत, हात नोको लावू." तू म्हणालीस, "हनुमान असन त पेरू खाईन, केळं खाईन, माही कोबी काऊन खाते?" आणि गोफण मागवलीस. पण बी गेलं ते गेलं. जुनं होतं नव्हतं ते सगळं तू यंदा लावलंस. तुझी बियांची डबी रिकामी.

यंदाचं वर्ष माझं होतं, ताई. मी हे पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कारण तू मेलीस म्हणून ते बदलत नाही. माझ्या फुलकोबीला दांडे सुटले होते, कळ्या दिसत होत्या. माझी फुलं उमलायच्या आत तू तुझी कापायची होतीस. तुझी तर पिवळीधमक फुलली होती आणि तू विळा उचलायचं नाव घेत नव्हतीस. जायच्या आदल्या दिवशी मी भिंतीपाशी आले.

"ताई, कधी कापतेस?"

"नाई कापत."

"वर्ष माझं आहे."

"मालूम हाये मले."

"मग?"

"मग काय? तुही काप. तुह्या डब्यात हाये. माह्यापाशी दाना नाई."

"गेल्या वेळचं माझं निम्मं किडलं, तुला माहीत आहे. मी नाही कापणार. हात लावून बघ यंदा, मनगट तोडून हातात देईन."

"अन् तू माहीले लावून पाह्य," तू म्हणालीस. "जीव घेतो का नाई पाह्य तुहा."

हे आपलं शेवटचं बोलणं. लोक शेवटचं बोलणं जपून ठेवतात, मला हे मिळालं. आणि सगळ्यात जास्त मला हेच जाळतं, की तू शब्द पाळला असतास तर त्या झाडांवर फुलं नसती, माकड ते झाड घेऊन पत्र्यावर गेलं नसतं आणि तू आज जिवंत असतीस. भिंतीपलीकडून मला शिव्या देत असतीस. मी बरोबर होते. बरोबर असून मला काय मिळालं?

काल तेरवी झाली. आज सकाळी मागून धप्प धप्प आवाज आला. मी धावत गेले तर भाऊजी कुदळ घेऊन तुझ्या वाफ्यात. मारत सुटले होते. खणत नव्हते, मारत होते. दोन्ही हातांनी कुदळ डोक्यावर नेऊन झाडांवर घालत होते, फुलं, शेंगा, माती सगळं उडत होतं. धोतराला चिखल, डोळे लाल. हेच भाऊजी मला लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून धाम नदीवर न्यायचे. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, थांबा!"

"बाजूले हो बेबी. ह्या झाडानं खाल्लं तिले."

"झाडानं नाही. पत्रा फुटला."

"त पत्राई फोडतो!" आणि खरंच, वळून त्यांनी न्हाणीघराच्या उरलेल्या पत्र्यावर कुदळ घातली. तुकडे त्याच धुण्याच्या दगडावर पडले. मग परत वाफ्याकडे वळले. मी मध्ये उभी राहिले. त्यांनी मला ढकललं, मी पडले, उठले आणि कुदळीचा दांडा धरला. ते ओढत होते, मी ओढत होते. तुझी बहीण आणि तुझा नवरा, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, कुदळीसाठी झगडत होते. शेवटी मी त्यांच्या थोबाडीत मारली. आवाज एवढा झाला की मीच दचकले. घरातल्या मोठ्या माणसावर आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला.

भाऊजी खाली बसले. चिखलातच. आणि लहान पोरासारखे हमसून रडायला लागले. मी कुदळ लांब फेकली आणि त्यांच्याशेजारी बसले. तू गेल्यापासून ते रडले नव्हते, पाहुण्यांना चहा विचारत फिरत होते. "कोनावर वरडू आता मी?" ते म्हणाले. "घरात आवाजच नाई राह्यला." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मारल्याबद्दल माफी मागितली तर म्हणाले, "तिनं असंच मारलं असतं."

मग वाफ्याकडे बघितलं. पाच झाडं उभी होती. दोन वाकलेली, तीन सरळ, खालच्या शेंगा हिरव्या भरत आलेल्या आणि वर अजून फुलं. पाच पुरतात, एकट्या झाडाचंच फक्त काही खरं नसतं. मी म्हटलं, "वाचली बघा भाऊजी."

भाऊजींनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि भिंतीपलीकडे बोट केलं. "काय वाचली? तुही पांढरी आज-उद्या उमलून राह्यली. तिचं बी असंई गेलंच."

मी वळून पाहिलं. माझ्या झाडांच्या शेंड्यांवर पहिल्या कळ्या पिवळ्या पडल्या होत्या. तेरा दिवस मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

 आईचं बी माझ्याकडे आहे, पण थोडं, जुनं आणि त्यातलंही किडकं. यंदा धरलं नाही तर पुढच्या वर्षी त्यातलं किती उगवेल, कुणी सांगावं. तुझं तर ह्या पाच झाडांशिवाय जगात कुठेही नाही. त्या म्हातारीच्या गावात नाही, पवनारला नाही, तुझ्या डबीत नाही. मी मनात तुझ्याशी भांडत होते. वर्ष माझं आहे. करार तू मोडलास. आईनं मला दिलं त्यात माझी काय चूक? तू मधूनमधून उत्तरं देत होतीस, आणि नेहमीप्रमाणे तुझा आवाज मोठा होता.

तुझा विळा न्हाणीघराच्या खुंटीला होता. तोच. मी तो घेतला, भिंत ओलांडली आणि माझ्या फुलकोबीत शिरले. पहिल्या झाडाला दोन घाव लागले, दुसऱ्यापासून हात थांबला नाही. बुडातून कापलं, एकूण एक, जसं तू कापलं होतंस. दांडे जाड झाले होते, विळ्याचा खाडखाड आवाज होत होता. आई दिसत होती मला, डबा पुढे करताना. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि कापत होते, आणि तुला शिव्या देत होते, त्यातल्या काही इथे लिहिता येणार नाहीत. आवाज ऐकून आमचे हे मागच्या दारी आले आणि दारातच थबकले.

"अवो," ते म्हणाले, "औंदा साल त तुहं होतं न?"

"हो," मी म्हटलं. "माझंच होतं."

आता तुझ्या पाच झाडांवर दिवसभर माश्या आहेत. वाकलेल्या दोघींना मी काठीचा आधार दिला आहे, तुझ्याच काठीचा. भाऊजी गोफण घेऊन खाट टाकून बसले आहेत आणि हनुमानजींना अशा शिव्या देतात की तू खूश होशील. शेंगा वाळल्या की मी बी झोडीन, पाखडीन आणि पितळी डब्यात ठेवीन. आईच्या डब्यात, आईच्या बियाशेजारी, वेगळ्या पुरचुंडीत. तुला डबा हवा होता ना? घे.

तुझ्याइतकं मला कुणी मारलं नाही आणि तुझ्याइतकं माझ्यासाठी कुणी कुणाला मारलं नाही. तुझ्यावर माझा फार जीव होता. हे भिंतीवरून ओरडून सांगायची गोष्ट नव्हती, आणि आपण दोघी ओरडल्याशिवाय कधी बोललोच नाही, म्हणून राहून गेलं.

पण एक लक्षात ठेव. पुढचं वर्ष आईच्या बियाचं. त्या वर्षी तुझी कोबी फुलावर आली की मी तिला बुडातून कापणार, ह्याच विळ्यानं, दिवसाढवळ्या, तुझ्याच वाफ्यात उभी राहून. हिंमत असेल तर ये भिंतीवर आणि दे शिव्या. मी ऐकायला उभी आहे.